कोरांटीची सोबत

कोरांटी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी उठते, हे जगात दोघींनाच ठाऊक होतं. एक खुद्द कोरांटी. दुसऱ्या यमुनाबाई केळसकर, ज्या तिच्यापासून हजार मैलांवर, नेपाळात पोखऱ्याला, एका बंद पडलेल्या हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर बसून पडद्यावरची हिरवी रेघ बघत असत.

उठल्यावर कोरांटी पंधरा मिनिटं काहीतरी जड उचले. पाणीच असणार. मग ती चढ चढे. आठच्या सुमारास कुणाशी तरी भांडे, आणि भांडून झालं की दहा मिनिटांत तिची नाडी जागेवर येई. यमुनाबाईंना याचं फार कौतुक वाटे. त्यांची स्वतःची नाडी भांडणानंतर दोन दोन दिवस ताळ्यावर येत नसे, आणि भांडायला आता कुणी उरलंही नव्हतं.

कोरांटी हे तिचं खरं नाव नव्हे. ते यंत्राने दिलेलं होतं. तिचं नाव, गाव, चेहरा, आवाज, यातलं काहीही यमुनाबाईंना माहीत नव्हतं, आणि माहीत होऊ द्यायचं नाही असा करारच होता. ती बाई आहे, चाळिशीच्या अलीकडची आहे, कोकण किनाऱ्याला कुठेतरी राहते, एवढं त्यांनी रेघेवरून आणि तिच्या निरोपांवरून ओळखलं होतं. रत्नागिरीच्या इस्पितळात एकतीस वर्षं हृदयाचे आलेख काढलेल्या बाईला एवढंही कळू नये, तर ती एकतीस वर्षं पाण्यात गेली म्हणायची.

करार सात शेजारी देशांमधला होता. सगळीकडे एकच रडगाणं होतं. कुणी नदीसाठी, कुणी मजुरांसाठी, कुणी मतदारयादीतून गाळलेल्या नावांसाठी उभं राहिलं, की एके दिवशी ते माणूस नाहीसं होई. तक्रार करायची ती ज्यांच्याकडे, तेच कधी कधी नाहीसं करणाऱ्यांच्या पंगतीला बसलेले असत. म्हणून सातही देशांतल्या वकिलांच्या संघटनांनी आणि मानवी हक्क आयोगांनी मिळून एक साधी युक्ती काढली. माझ्या माणसावर तुझ्या देशातून लक्ष ठेव, तुझ्या माणसावर मी ठेवतो. लक्ष ठेवणाऱ्याने आपला देश सोडून शेजारच्या देशात राहायचं, म्हणजे त्याच्या दारावर रातोरात कुणी थाप मारणार नाही. योजनेचं मराठी नाव होतं ‘सोबत’.

बाकीचं काम मनगटातल्या कंकणाचं. हृदय ठरावीक अंतराने ठोके देतं असं आपण समजतो, पण दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच सारखं नसतं. सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका फरक पडत राहतो, आणि त्या फरकाची चाल प्रत्येकाची वेगळी असते, जसं प्रत्येकाचं अक्षर वेगळं असतं. कंकणातला बारीक दिवा कातडीखालून वाहणाऱ्या रक्तावर उजेड टाकतो, परतलेल्या उजेडावरून ही चाल मोजतो आणि उपग्रहामार्फत थेट शेजारच्या देशात धाडतो. गावातलं इंटरनेट बंद केलं तरी ही चाल बंद होत नाही. कंकण दुसऱ्याच्या हातात चढवलं तर लगेच कळतं.

पण खरी गंमत पुढे होती. लाखो तासांचे आलेख तपासताना यंत्राला असं काही सापडलं, जे कुणी शोधायला सांगितलं नव्हतं. विश्वासातलं माणूस जवळ असलं की श्वासाबरोबर ठोक्यांमधलं अंतर मोकळेपणाने कमीजास्त होतं. एकटेपणात किंवा परक्यांच्या घोळक्यात ते आखडतं. म्हणजे माणूस आपल्यांत आहे की नाही, हे मनगटावरून वाचता येऊ लागलं. पडद्यावर हिरव्या रेघेखाली एक निळी रेघ आली. ती वर असली की सोबत आहे, खाली गेली की नाही. कुणाला उचलून नेलं तर निळी रेघ आधी कोसळते.

लक्ष ठेवणाऱ्यांच्या हातातही असंच कंकण असे. राखण करणारा झोपला नाही ना, त्याला कुणी धमकावत नाही ना, हे कळावं म्हणून. यमुनाबाईंनी त्याचा कधी विचारच केला नव्हता. दुसऱ्याचं हृदय बघण्यात गढलेल्या माणसाला आपलंही कुणी बघतंय याचं भान राहत नाही.

चौदा महिने हे चाललं होतं. पोखऱ्याला त्यांची राहायची खोली तळ्यापासून दोन गल्ल्या आत होती. घरमालकीण मनमाया गुरुंग त्यांना ‘दिदी’ म्हणे आणि थंडीत न विचारता संत्री आणून ठेवी. दोघींना एकमेकींचं निम्मंच बोलणं कळे, त्यामुळे त्यांचं छान जमत असे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा निनाद पुण्यात होता, आणि करार चालू असेतोवर यमुनाबाईंना भारतात पाऊल टाकायची बंदी होती. नातीचं बारसं त्यांनी फोनवर पाहिलं. पाळण्यात घालताना कुणाचा तरी हात मध्ये आला आणि नेमका नातीचा चेहराच दिसला नाही.

“आई, पुरे कर आता,” निनाद दर रविवारी म्हणे. “ज्या बाईचं नावसुद्धा तुला ठाऊक नाही, तिच्यासाठी तू तिथे थंडीत कुडकुडतेस.”

“नाव नसलं म्हणून काय झालं?” त्या म्हणत, आणि नातीची चौकशी करीत.

एकदा त्यांची मोठीच फजिती झाली होती. मार्चातल्या एका सकाळी कोरांटीची नाडी दीडशेवर गेली. खाली येईना. निळी रेघ मध्येच वर, मध्येच खाली. यमुनाबाईंनी घाबरून ‘हाक’ दिली. हाक म्हणजे पडद्यावरचं तांबडं बटण. ते दाबलं की सातही देशांतून एकाच वेळी फोन सुरू होतात, आयोग, वकील, वार्ताहर सगळे कामाला लागतात, आणि जवळपासचे पाठराखे, म्हणजे गावोगावी नेमलेली साधी माणसं, शेवटच्या संकेताच्या ठिकाणाकडे धाव घेतात. तसे ते धावले. पाहतात तर शिमगा! कोरांटी पालखी खांद्यावर घेऊन नाचत होती. आयोगाच्या जीपमधून उतरलेल्या साहेबांनाही गावकऱ्यांनी पालखीखाली उभं केलं म्हणे.

शिमगा विसरावा, तोही रत्नागिरीच्या बाईने! यमुनाबाईंना हसूही आलं आणि रडूही. कोरांटी तिकडे पुढे दोन तास नाचत होती, आणि इकडे पोखऱ्यात त्यांना साधी तिथीही सांगणारं कुणी नव्हतं. हॉटेलातल्या ‘सोबत’च्या केंद्राने मात्र त्यांना लेखी कळवलं की आणखी एक खोटी हाक दिली तर कोरांटी त्यांच्याकडून काढून घेतली जाईल.

मग तो मंगळवार उजाडला. त्या आठवड्यातल्या गुरुवारपुढे केंद्राने आधीच खूण केली होती: ‘ग्रामसभा. धोका जास्त.’

सकाळी नऊ चाळीसला निळी रेघ खाली गेली. हिरवी शंभराच्या पुढे चढली. नऊ सत्तेचाळीसला दोन्ही रेघा तुटल्या. यमुनाबाईंचा चहा हातात तसाच राहिला. त्या उठून उभ्या राहिल्या तोच पडद्यावर निरोप उमटला. रोज सकाळी कोरांटी फोनवरून एवढंसं काहीतरी बोलून धाडी. ते कुणाच्या आवाजात आलं हे कळू नये म्हणून यंत्र त्याचं इंग्रजी करी, आणि त्या इंग्रजीचं पुन्हा मराठी करून यमुनाबाईंना देई. आजचा निरोप होता:

‘कंकणाच्या मुदतीत वाढ केली आहे. तीन दिवस चिंता नसावी.’

पाठोपाठ केंद्रप्रमुख रुवान विजेकोन आत आले. श्रीलंकेचे, उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. ते सिंहलीत बोलत आणि यमुनाबाईंच्या कानातला दुभाष्या त्याचं अगदी सोवळ्यातलं मराठी करून देई.

“महोदया, आपण निश्चिंत असावे,” दुभाष्या कानात म्हणाला. “कंकणाची सात मासांची मुदत पुढील सप्ताहात संपत होती. नूतनीकरणासाठी ते उतरवावे लागते. संकेत तीन दिवस बंद राहील.”

“उतरवायच्या आधी ती घाबरली होती.”

“चढ चढत असेल. किंवा नृत्य करीत असेल.”

हा टोमणा होता की नाही, हे दुभाष्याच्या आवाजावरून कळत नसे. रुवान गेले. यमुनाबाई बसल्या. सगळं बरोबर होतं. मुदत खरंच संपत आली होती, कंकण खरंच उतरवावं लागे. पण त्यांचं मन त्या निरोपापाशीच घोटाळत राहिलं. ‘मुदतीत वाढ’ हे काही कोरांटी म्हणणार नाही. ते यंत्राचं बोलणं. किनाऱ्यावरची बाई काय म्हणेल? कंकण तर मुळीच नाही म्हणणार, बांगडी म्हणेल. आणि वाढ केली...

बांगडी वाढवली.

त्या तशाच, पायांत चपला न घालता, रुवानांच्या खोलीत गेल्या.

“तिचं कंकण फोडलंय कुणीतरी. ती तेच सांगतेय.”

“निरोपात वाढ असा शब्द आहे.”

“तोच तो! आमच्याकडे बांगडी फुटली असं बायका म्हणत नाहीत. अभद्र वाटतं. फुटली तरी वाढवली म्हणायचं. तुमच्या यंत्राला वाटलं मुदत वाढवली.”

रुवानांनी निरोप पुन्हा वाचला. मग दुभाष्या म्हणाला, “भग्न होण्यास वृद्धी म्हणतात?”

“हो, म्हणतात.”

“परंतु महोदया, ही स्त्री न्यायालयांत लढते. प्लास्टिकच्या पट्ट्याबाबत तिने शकुन-अपशकुन का पाळावा?”

“अहो, तेच तर! एरवी ती मुळीच पाळणार नाही. सरळ म्हणेल, पट्टा तुटला. आज तिने हा शब्द मुद्दाम शोधून वापरलाय. तिच्याजवळ कुणीतरी उभं आहे. आमची भाषा जेमतेम कळणारं. आरडाओरडा होऊ नये म्हणून त्यांनीच तिला रोजचा निरोप द्यायला लावला असणार. त्यांना वाढवलं म्हणजे वाढवलंच वाटलं. आणि तिला...” यमुनाबाईंनी निरोपावर बोट ठेवलं. “तिला खात्री आहे की इकडे ऐकणारी आपल्यातली एखादी बाई असेल.”

“मूळ आवाज उघडण्यास दोन देशांची संमती लागते. उद्या सायंकाळपर्यंत मिळेल.”

“उद्या संध्याकाळी मिळून काय करू?”

रुवानांनी कानातला दुभाष्या काढून टेबलावर ठेवला, आणि साध्या, तुटक इंग्रजीत म्हणाले, “यमुना, हाक द्यायचा अधिकार तुमचा आहे. मी अडवू शकत नाही. पण चूक निघाली तर ती तुमच्याकडे राहणार नाही. हे मी वाचवू शकणार नाही.”

“मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या.

आपल्या टेबलाशी येऊन त्या बटणासमोर बसल्या. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना कोरांटीपेक्षा स्वतःचीच भीती जास्त वाटली. उद्या सकाळी सहा दहाला उठून बघायचं काय? तीन दिवस थांबलं आणि सगळं ठीकच असलं, तर शुक्रवारी हिरवी रेघ परत येईल, चढ चढेल, भांडेल. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसून माणसं काय काय टिकवतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, आणि थोडंफार केलंही होतं. त्यांनी बटण दाबलं.

मग वाट बघणं. हे सगळ्यांत वाईट, कारण बघायला रेघच नव्हती. काळ्या पडद्यावर एक एक ओळ उमटत होती. काठमांडूहून फोन गेला. कोलंबोहून गेला. ढाक्याच्या वकिलांनी पत्रक काढलं. शेवटचा संकेत कातळसुरे गावच्या धक्क्यावरच्या बर्फ कारखान्यातून. पाठराखे निघाले: एक परिचारिका, एक निवृत्त मास्तर, एक होडीवाला. कारखान्याच्या फाटकावर खाडी घेऊ पाहणाऱ्या कंपनीचे पहारेकरी, लांबच्या मुलखातून आणलेले. ‘आत कुणी नाही’ म्हणाले. परिचारिका फाटकासमोर बसली. मास्तर बसले. गावातून बायका येऊन बसल्या. अकरा वाजता वीस माणसं, बाराला साठ, एकला मोजणं सोडलेलं. जिल्ह्याच्या कचेरीतला फोन सहा देशांतून एकसारखा वाजत होता.

दोन वाजून पाच मिनिटांनी ओळ आली: ‘फाटक उघडलं. कार्यकर्ती सापडली. जिवंत आहे. मनगटाला जखम. चालते आहे.’

यमुनाबाई टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या. शेजारच्या टेबलावरचा भूतानी तरुण उठून आला, पाठीवर हात ठेवावा की नाही या विचारात क्षणभर थांबला आणि पाण्याचा पेला ठेवून गेला.

बुधवारी दुपारी रुवानांनी त्यांना बोलावलं. हाक खरी ठरली होती, आवाज तपासून झाला होता, शब्द अगदी तेच होते: ‘बांगडी वाढवलीय.’ सातही देशांतून अभिनंदन आलं होतं. दुभाष्या आधीच टेबलावर काढून ठेवलेला होता.

“तरीही ती तुमच्याकडून जाईल,” रुवान म्हणाले.

यमुनाबाईंना वाटलं, आपलं इंग्रजी कच्चं म्हणून नीट कळलं नाही.

रुवानांनी एक कागद पुढे केला. त्यावर निळी रेघ होती. “ही तिची नाही. तुमची. चौदा महिन्यांची. हाक दिली की राखणाऱ्याचीही तपासतात.”

एकतीस वर्षांच्या सवयीने यमुनाबाईंनी ती वाचली. वाचायला काही कठीण नव्हतं. घरी, बाजारात, तळ्याकाठी रेघ तळाला. रविवारी निनादशी बोलतानाही तळाला. आणि रोज सकाळी सहा दहाला ती उचलून वर जाई आणि पाळी संपेपर्यंत वरच राही.

“यंत्राच्या मते,” रुवान सावकाश म्हणाले, “तुम्ही दिवसाचे आठ तास कुणाच्या तरी सोबत होता. बाकीचे सोळा एकट्या.”

“पोराशी बोलतानासुद्धा?” त्या स्वतःशीच मराठीत म्हणाल्या. रुवानांना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली.

“जीव जडलेला राखणदार स्वतःच्या भीतीला धोका समजतो, किंवा खऱ्या धोक्याला नुसती भीती. दोन्हीतून माणसं गेली आहेत. म्हणून नियम आहे. तिला नवं कंकण, नवं नाव, नवा राखणदार मिळेल. तुम्ही घरी जाऊ शकता. किंवा दुसरं कुणी घेऊ शकता.”

“लहानपणी,” यमुनाबाई म्हणाल्या, “शेजारची कुणी बाई घरात एकटी असली की मला तिच्याकडे झोपायला धाडायचे. त्याला आम्ही सोबतीला जाणं म्हणतो. काही करायचं नसतं. नुसतं असायचं. मी तेवढंच केलं हो.”

“ठाऊक आहे,” रुवान म्हणाले. “तुमच्यामुळे ती जिवंत आहे. पण नियम मी मोडू शकत नाही.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “तिचा आवाज ऐकायचाय? सात सेकंदांचा आहे. मी बाहेर जाऊन उभा राहीन.”

यमुनाबाईंना इतकं ऐकावंसं वाटलं की त्यांनी हो म्हणायला तोंडही उघडलं. पण आवाज ज्याला ओळखता येतो, त्याच्याकडून ती ओळख धाकाने वदवूनही घेता येते, हे त्यांना शिकवलेलं होतं.

“नको,” त्या म्हणाल्या.

गुरुवारी कातळसुऱ्याची ग्रामसभा सगळ्या वाहिन्यांनी दाखवली. दोन दिवसांत गावाचं नाव सात देशांत झालं होतं. बाईचं नाव मात्र करारानुसार कुणी छापलं नव्हतं. ‘एक कार्यकर्ती’, एवढंच. मनमायाच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला बसून यमुनाबाईंनी ती सभा पाहिली.

कंपनीला खाडी देऊन टाकणारा दोन वर्षांपूर्वीचा ठराव ग्रामसेवक वाचत होता. ठरावावर सह्या आणि अंगठे दोनशे सहा.

“सखाराम धोंडू भेकरे.”

एक बाई उठली. “वारले. माझे सासरे. ठरावाच्या आधी तीन वर्षं.”

“चंद्रभागा विठू पाष्टे.”

दुसरी उठली. “माझी आय ती. कवाच गेली. अंगठा वरून लावायला आली काय?”

सभा हसली. ग्रामसेवक घाम पुसत पुढचं नाव वाचू लागला. एक एक नाव, आणि एक एक बाई. कुणी रागाने बोले, कुणी पाठ केल्यासारखं, कुणी अर्ध्यातच रडे. यमुनाबाई प्रत्येकीच्या श्वासाकडे कान लावून होत्या. ही असेल, इतकी शांत! नाही, ही, भांडून झाल्यावर कशी चटकन थंडावली बघ. मनगटं बघायला गेल्या तर त्यातल्या निम्म्याजणींचे हात पदराआड, उरलेल्यांच्या हातांत कोपरापर्यंत बांगड्या.

एकोणनव्वद माणसं मेलेली निघाली. हात वर झाले. ठराव रद्द झाला.

“दिदी, यातली तुमची कोणती?” मनमायाने विचारलं.

“कळत नाही गं.”

“ती निळ्या लुगड्याची असेल. बघा, कशी चालते.”

सभा उठली होती. देवळाच्या पायऱ्या उतरून बायका बाहेर पडत होत्या आणि कॅमेरा पायरीपाशीच होता. त्या एकेक करून अगदी जवळून जात होत्या. दमलेल्या, बोलत, हसत, डोक्यावरचा पदर सावरत. चौदा महिने यमुनाबाईंनी त्यांतल्या एकीचा ठोका न् ठोका पाहिला होता. ती कधी दमते, कधी रुसते, कधी चोरून रडते, हे तिच्या घरच्यांनाही ठाऊक नसेल इतकं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पडद्याला नाक लागेल इतकं पुढे होऊन एकेक चेहरा पाहिला. निळं लुगडं गेलं, हिरवं गेलं, कडेवर पोर घेतलेली गेली, म्हातारी गेली, काठी टेकत आणखी एक गेली, आणि शेवटी पायऱ्यांवर कुणी उरलं नाही.

ती समोरून गेली होती, आणि यमुनाबाईंनी तिला ओळखलं नव्हतं.